तो पोरगा खरं बोलत असेल, तरीही तक्रार करा

नमस्कार ताई,

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर विडी घरकुलात राहतो. सासूबाई विड्या वळतात, मी शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला आहे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. वय 68. टॉवेलच्या मागावर 38 वर्षं काढली त्यांनी, आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो. त्याच्या आत मामांच्या कानाला मशीन यावं म्हणून मी भिशीच्या पैशातून 4,200 रुपयांचं मशीन ऑनलाइन मागवलं. पैसे आधीच भरले होते.

मंगळवारी दुपारी 1.40 ला 'डिलिव्हर्ड' असा मेसेज आला. शिलाई मशीनवर बसल्यावर फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून त्या पोराचे तीन मिस्ड कॉल मला चार वाजता दिसले. सासूबाई विड्या द्यायला गेल्या होत्या, घरी मामा एकटे. मामा म्हणतात, कुणी आलंच नाही. पोरगा म्हणतो, दारात म्हातारे बाबा बसले होते, तुमचंच का विचारलं, त्यांनी मान हलवली, मी हातात दिलं. ॲपमध्ये फोटो आहे. त्यात नुसता पिवळा रंगवलेला उंबरा, एक निळं पिंप आणि पार्सलचं टोक दिसतंय. आमच्या उंबऱ्याला काळी फरशी आहे.

संध्याकाळी तो स्वतः घरी आला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. 'ताई, कम्प्लेंट करू नका हो, माझ्यावर डेबिट टाकतेत, आयडी बंद करतेत, गाडीचा हप्ता हाय. मी दर महिन्याला पाचशे देऊन फेडतो,' म्हणाला. आता रोज फोन करालाय. आमचे हे म्हणतात, त्यानंच ढापलं, पोलिसात द्या. सासूबाई म्हणतात, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नको, गेले तर गेले. आज तिसरा दिवस. मला रात्री झोप येत नाही. काय करू?

एक सून, कुंभारी

———

सूनबाई,

आधी काम, मग बोलणं. हे वाचत असाल तिथेच थांबा, ॲप उघडा, त्या ऑर्डरवर जा आणि 'पार्सल मिळालं नाही' अशी तक्रार टाका. तीन दिवस गेलेत. पार्सल पोचल्याचं दाखवतंय पण हातात आलं नाही, हे कळवायला बहुतेक कंपन्या ठरावीक दिवसांची मुदत देतात. प्रत्येकीची वेगळी असते आणि तुमच्या ऑर्डरची किती आहे ते ॲपमध्येच लिहिलेलं असतं. ती मुदत तुमच्या हातून जाऊ देऊ नका. आणि त्या पोराकडून एक रुपयासुद्धा घेऊ नका. पाचशेचा पहिला हप्ता घेऊन तो आजच दारात उभा राहिला, तरी नाही म्हणा.

तक्रार कशी लिहायची ते खाली सांगते, कारण सगळं त्या लिहिण्यात आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला तुम्हालाच दाखवायची आहे.

तुमचा उंबरा काळ्या फरशीचा. फोटोतला उंबरा पिवळा. म्हणजे पार्सल कुठल्या तरी दारात पोचलं, फक्त ते दार तुमचं नव्हतं. ज्याला ढापायचंच आहे तो दुसऱ्याच्या उंबऱ्याचा फोटो काढून पुरावा कशाला ठेवेल? असं होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण माझ्या मनाला तरी ते पटत नाही. त्याने तीन वेळा तुम्हाला फोन केला, संध्याकाळी स्वतःच्या पेट्रोलने परत आला. चोरटा माणूस सहसा त्या गल्लीत पुन्हा फिरकत नाही.

मग म्हाताऱ्या बाबांनी मान का हलवली? सूनबाई, हे तुम्हाला घरात रोज दिसत असणार. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस सगळ्याला मान हलवतो. 'जेवलात का' म्हटलं तरी हलवतो आणि 'बँकेतून आलोय' म्हटलं तरी हलवतो. पुन्हा पुन्हा 'आँ? आँ?' करायची लाज वाटते. मागाच्या खडखडाटाचा एक वाईट गुण असा की तो कान एकदम बंद करत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो, आणि वर्षानुवर्षं आठ-आठ, बारा-बारा तास तिथे काढले की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, फ ही अक्षरं गळतात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. म्हणून आपल्याला वाटतं की यांना ऐकू येतंय, हे मुद्दाम लक्ष देत नाहीत. कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांवर यावरून ओरडाआरडा होतो. फार जीव तुटतो माझा ते बघून.

आता विचार करा, तुमच्या घरकुलात मागावर जन्म काढलेले म्हातारे किती असतील! घरं विडी कामगार बायकांच्या नावावर असली, तरी त्यांचे नवरे, दीर, सासरे निम्मे तरी कारखान्यातलेच. दुपारी दीड वाजता बायका कामाला, पोरं शाळेत, आणि दारादारात एकेक म्हातारा खुर्ची टाकून बसलेला. त्या पोराने ज्यांच्या हातात पार्सल दिलं ते बाबा तुमचे मामा नव्हते. तुमच्या मामांसारखेच दुसरे कुणीतरी होते. मामाही खरं बोलत असतील आणि पोरगाही खरं बोलत असेल. दोघांतल्या एकाला खोटं ठरवायची घाई घरात कुणी करू नये, विशेषतः मामांसमोर. त्यांच्यासाठी आणलेली वस्तू त्यांना ऐकू आलं नाही म्हणून हरवली, ही बोच त्यांना आधीच लागलेली असणार.

तुमच्या वसाहतीत पत्ता चुकणं किती सोपं आहे, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. 2006 साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण झालं, दहा हजार घरं. सगळी एका मापाची, एका नकाशाची. पलीकडे रे नगर, ती तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या 2024 च्या जानेवारीत मिळाल्या. या मुलांच्या रनशीटवर, म्हणजे दिवसभराच्या पार्सलच्या यादीवर, 'विडी घरकुल, कुंभारी, घर नंबर अमुक' एवढंच आलं, आणि ग्रुपचं किंवा गल्लीचं नाव राहिलं, की तोच आकडा दुसऱ्या गल्लीतही सापडतो. पत्ता टाकताना तुम्ही नेमकं काय काय लिहिलं होतं ते ऑर्डरमध्ये बघा. ग्रुप राहून गेला असेल तर तक्रारीत तसं सरळ लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि पार्सल कुठे शोधायचं त्याचा धागाही तिथूनच मिळेल.

मी हे सगळं इतक्या ठामपणे का सांगते? सदर लिहायला लागायच्या आधी मी एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात 19 वर्षं बिल्टी, म्हणजे ट्रकने जाणाऱ्या मालाची पावती, लिहिली. चादरी, टॉवेल, नॅपकिन, सगळा माल गोणपाटात शिवून गाठी बांधून यायचा. गाठीवर काळ्या शाईने ब्रशने मार्का आणि नंबर. एकदा हैदराबादला 40 गाठी गेल्या आणि तिकडून फोन आला, 39 उतरल्या. एक शॉर्ट. ड्रायव्हर वयस्कर होता, दरवेळी येताना माझ्या पोरासाठी चिक्की आणायचा. शेठनी त्याला उभं केलं. तो एवढंच म्हणाला, 'मी मोजूनच भरल्या होत्या.' शेठनी मला सांगितलं, बिल्टीवर लिही, 'एक गाठ शॉर्ट, ड्रायव्हर जबाबदार.' मी लिहिलं. माझ्याच अक्षरात. त्याच्या भाड्यातून पैसे कापले गेले. त्याने वाद घातला नाही, पुढच्या महिन्यात दुसऱ्या मालकाकडे निघून गेला.

दोन महिन्यांनी दिवाळीच्या आधी गोडाऊन झाडायला काढलं. दुसऱ्या पार्टीच्या थप्पीत एक गाठ उलटी पडलेली. हमालाने वाचलं, 91. मी जवळ जाऊन मान वाकडी करून बघितलं. ती 16 नंबरची गाठ होती, उलटी ठेवल्यामुळे 91 दिसत होती. ट्रकमध्ये ती चढलीच नव्हती. मोजताना कुणीतरी एक आकडा जास्त म्हटला असेल, एवढंच. त्या ड्रायव्हरला मी नंतर खूप शोधलं. सापडला नाही. त्याचे पैसे त्याला मिळाले नाहीत, आणि 'जबाबदार' हा शब्द लिहिताना माझा हात थांबला नाही, हे मला आजही टोचतं.

तेव्हापासून मला एक कळलं. माल हरवला की दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या असतात. काय झालं ते एक, आणि कुणी केलं ते दुसरं. पहिलं तुम्हाला माहीत आहे. दुसरं तुम्हाला माहीत नाही. म्हणून तक्रारीत फक्त पहिलंच लिहा, पण पूर्ण लिहा. अशी:

'ऑर्डर क्रमांक अमुक. मंगळवारी दुपारी 1.40 ला पार्सल पोचल्याचं ॲपवर दिसतं. पार्सल आमच्या घरी आलेलं नाही. तुमच्या फोटोतला उंबरा आमचा नाही. आमच्या दाराचा फोटो जोडला आहे. डिलिव्हरी देणाऱ्याने त्याआधी मला तीन वेळा फोन केला होता, मी कामावर असल्याने उचलू शकले नाही. त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. त्याच संध्याकाळी तो स्वतः घरी येऊन भेटला. त्याच्या सांगण्यानुसार दारात बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना त्याने पार्सल दिलं. वसाहतीत सारखी घरं असल्याने ते चुकीच्या घरी गेलं असावं. आमचा कुणावरही चोरीचा आरोप नाही. ज्या जागी डिलिव्हरी नोंदवली त्या जागेचं लोकेशन तपासून पार्सल शोधावं. न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत करावी किंवा दुसरं मशीन पाठवावं.'

यात त्याची चूक झाकलेली नाही. त्याने नाव विचारायला हवं होतं, नाव न विचारता हातात देणं ही चूकच. पण त्याने फोन केले, तो परत आला, हेही यात आलं. हबमध्ये, म्हणजे पार्सल वाटणाऱ्या ऑफिसात, बसलेल्या माणसाला त्याच्याबद्दल स्क्रीनवर एरवी एकच ओळ दिसते, 'ग्राहकाची तक्रार.' तुमच्या या आठ-दहा ओळी त्याच्या बाजूने उभं राहणारा एकमेव कागद ठरू शकतात. तुम्ही गप्प राहिलात तर हा कागद तयारच होणार नाही.

तक्रार टाकली की नंबर मिळेल, तो लिहून ठेवा. चॅटवर बोललात तर प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट. फोनवर बोललात तर तारीख, वेळ आणि समोरच्याने काय सांगितलं ते वहीत. ई-कॉमर्सचे 2020 चे जे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्याप्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तुमच्या तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर द्यावाच लागतो. 'डिलिव्हर्ड दाखवतंय, आम्ही काही करू शकत नाही' असं चॅटवरच्या माणसाने म्हटलं तर खचू नका, तेच पत्र त्या अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पुढे जायची वेळ आलीच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. 4,200 साठी तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. फोटोतला उंबरा तुमच्या बाजूने बोलतोय.

आता हप्त्यांचं. तो दर महिन्याला पाचशे देणार, म्हणजे नऊ महिने. समजा तुम्ही घेतले. कंपनीच्या दफ्तरी पार्सल पोचलेलं. म्हणजे कुणी शोधणार नाही. ते मशीन त्या पिवळ्या उंबऱ्याच्या घरात कपाटावर तसंच पडून राहील, आणि इकडे एक पोरगा कदाचित न केलेल्या चोरीचे पैसे भरत राहील. तिसऱ्या महिन्यात त्याची गाडी बंद पडली, हप्ता चुकला, की तुमचे हे त्याच्या घरी जाणार. शब्दाला शब्द वाढणार. त्यात कागद एकही नाही. तो उद्या म्हणाला की या बाईने मला धमकावून पैसे घेतले, तर तुम्ही काय दाखवणार? ज्या वस्तूचे पैसे तुम्ही कंपनीला दिलेत ती घरपोच देण्याची जबाबदारी कंपनीची. दुपारच्या उन्हात पार्सलमागे ठरलेले पैसे घेऊन फिरणाऱ्या मुलाने ती स्वतःच्या खिशातून निभावायची, हे मला मान्य नाही. तुम्हीही मान्य करू नका.

तुमच्या यजमानांना माझा निरोप सांगा. राग बरोबर आहे. भिशीचा नंबर लागायला किती महिने जातात ते मला ठाऊक आहे. पण पोलिसात 'याने चोरी केली' असं लिहून द्यायला हातात काय आहे? फोटो तर उलट सांगतोय. एकदा पोराचं नाव त्या कागदावर चढलं की पुढची नोकरी मिळतानाही ते आडवं येतं. कंपनीच्या चौकशीत त्याने खरंच काही केल्याचं निघालं, किंवा तुमच्यासारख्याच इतरांच्या तक्रारी त्याच्यावर निघाल्या, तर कंपनी पोलिसात जाईल, तुम्हीही जा. तेव्हा मी अडवणार नाही.

आणि सासूबाईंना म्हणावं, पोटावर पाय द्यायचा नाही, हे अगदी खरं. पण गप्प बसल्याने त्या पोराचं पोट भरत नाही. त्याच्या हब मध्ये उद्या कुणीतरी हिशेब बघेलच. पिवळ्या उंबऱ्याच्या घरातल्यांनी 'हे आमचं नाही' म्हणून पार्सल परत केलं, तर 'तू डिलिव्हर्ड मारलंस, मग हे परत कसं आलं' असं त्यालाच विचारतील. त्यापेक्षा आज तुमच्या तोंडून खरं गेलेलं त्याला बरं.

त्या पोराला उद्या फोन आला की तुम्हीच सांगा, घाबरून नको, स्पष्ट: 'भाऊ, मी तक्रार केली आहे. तुझ्याविरुद्ध केलेली नाही. काय लिहिलंय ते तुला पाठवते.' आणि खरंच पाठवा. तो क्षणभर चिडेल, कदाचित रडेल. चालेल. मग त्याला चार गोष्टी सांगा. त्याने त्या दिवसाचं रनशीट, तुम्हाला केलेल्या कॉलची नोंद आणि फोनमधली त्या वेळची लोकेशन हिस्ट्री आजच जपून ठेवावी. टीएलला, म्हणजे टीम लीडरला, तोंडी न सांगता व्हॉट्सॲपवर लिहून कळवावं की अमुक पार्सल चुकीच्या घरी गेलं असावं, मी शोधतोय. डेबिट टाकलंच, म्हणजे त्याच्या कमाईतून पैसे कापलेच, तर कशाबद्दल, किती, हे लेखी मागावं, आणि 'साहेबाला रोख दे, मिटवतो' असं कुणी म्हटलं तर पावतीशिवाय दमडी देऊ नये. पगारावरचा कामगार असेल तर नुकसानीपोटी पगार कापण्याआधी त्याची बाजू ऐकून घ्यावी लागते, तसा कायदा आहे. पार्सलमागे पैसे घेणारी मुलं बहुतेक या पगाराच्या व्याख्येत बसवली जात नाहीत, तिथेच त्यांची मान अडकते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची निदान नोंद तरी घेतली गेली, ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर त्याने नाव नोंदवलंय का विचारा. नसेल तर नोंदव म्हणावं. तुमच्या सासूबाई विडी कामगारांच्या मोर्चांना गेल्या असतील, तर ओळखपत्राची किंमत त्या त्याला माझ्यापेक्षा चांगली सांगतील.

एक सावधगिरी, आणि ही फार महत्त्वाची. या दिवसांत तुमचा फोन आणि तुमचं मन दोन्ही पार्सलकडे लागलेलं असणार, आणि फसवणारे अशाच माणसाला गाठतात. कंपनीचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकलेले असतात. फक्त ॲपमधूनच बोला. 'तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता दुरुस्त करायला पाच रुपये भरा' अशी लिंक आली तर उघडू नका. रिफंडसाठी कुणी यूपीआय पिन मागितला तर फोन ठेवा, पैसे यायला पिन कधीच लागत नाही. 'डिलिव्हरी बॉयशी बोलायला स्टार 401 किंवा स्टार 21 लावून हा नंबर डायल करा' असं कुणी म्हटलं तरी करू नका, त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात. पैसे गेलेच तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

मशीनबद्दल थोडं बोलते, कारण पैसे परत आले की तुम्ही तेच पुन्हा मागवाल असं मला वाटतंय. थांबा. मामांचे कान कधी तपासलेत का? स्वस्तात ऑनलाइन मिळणारी बरीच मशीन सगळेच आवाज सरसकट मोठे करतात. मागाने गेलेल्या कानाला ते चालत नाही. भांड्याचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा लागतो आणि बोलणं मात्र तसंच राहतं, मग दोन दिवसांत मशीन डब्यात जातं. त्या कानाला ज्या पट्टीत कमी ऐकू येतं तेवढंच उचलून देणारं मशीन लागतं, आणि त्यासाठी आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करावी लागते. मामांना एक दिवस सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभागात घेऊन जा. कधीकधी तर नुसता मळ साठलेला असतो आणि तो काढला की निम्मं काम होतं. शिवाय 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा उपकरणासाठी एकदाच 3,000 रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात मिळतात, श्रवणयंत्र त्यात धरलेलं आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, सध्या अर्ज घेतायत का ते विचारा. रथोत्सवाच्या आत हे सगळं होईलच असं मी म्हणत नाही. पण मामांना रथाच्या अगदी जवळ उभं करा, ढोल अंगाला लागतो, तो ऐकायला कान लागत नाही.

आणि शोधायचं तर राहिलंच. कंपनी शोधेल म्हणून तुम्ही बसू नका, तुमच्याइतकी ती वसाहत कुणाला माहीत आहे? सासूबाई पुढच्या वेळी विड्या द्यायला जातील तेव्हा त्या रांगेत बोलू दे. 'कुणाकडे चुकून पार्सल आलंय का गं? पिवळा उंबरा, दाराशी निळं पिंप, घरात बाबा असतात.' विडीच्या रांगेत बोललेलं संध्याकाळपर्यंत दहा हजार घरांत पोचतं. निळ्या पिंपाचा फार उपयोग नाही, सोलापुरात पिंप नसलेलं दार कुठलं! उंबऱ्यावर भर द्या. पिवळा रंग नेमका कसा, हळदीसारखा की केशरी, कड तुटलेली आहे का, फोटो मोठा करून नीट बघा.

पत्त्यातला तुमचा घर नंबर घ्या आणि तोच नंबर दुसऱ्या ग्रुपमध्ये, मागच्या-पुढच्या गल्लीत कुठे आहे ते वहीत लिहा. त्या पोरालाही बोलवा, तो येईल. मंगळवारी गाडी कुठून आत घातली, कुठल्या दुकानाशी वळला, तिथून त्याच्यासोबत चालत जा. तुमचे हेही बरोबर असू देत, दोघं शेजारी चालले की राग थोडा उतरेल. कुणाच्या दारात गेलात तर 'आमचं पार्सल तुम्ही घेतलंत' असं नको. 'बाबांनी चुकून कुणाचं पार्सल घेऊन ठेवलंय का, आमच्या मामांचं कानाचं मशीन आहे' असं म्हणा, आणि बाबांशी बोलताना समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, सावकाश बोला. मिळालं तर तिथूनच ॲपवर कळवून तक्रार बंद करा. रिफंड आधीच आला असेल तर तोही कंपनीला कळवा.

नळाला पाणी येईल त्या दिवशी सकाळी निघा. त्या वेळी सगळी दारं उघडी असतात आणि घरातलं ऐकू येणारं माणूसही दारातच असतं.